पाणी मारलेलं घर

बेकरीच्या रांगेत माझ्यापुढे नणंद-भावजय उभ्या होत्या.

“वहिनी, सकाळी तर आल्याच्या बिस्किटांचं घर झकास उभं होतं. कोसळलं कसं?”

“तुमच्या तीर्थरूपांनी पाणी मारलं.”

“बिस्किटांवर?”

“जन्मभर गवंडीकाम केलं ना, वन्सं! सांध्यातला साखरेचा लेप त्यांना सिमेंटच वाटला. भिंत बांधली की पाणी मारायलाच हवं म्हणे. आम्ही जरा पडलो, तर तांब्या घेऊन बसले.”

“शिंपडलं की काय?”

“शिंपडलं कसलं, अभिषेक केला!”

“अगं बाई! आणि चिंगी?”

“रडून घर डोक्यावर घेतलं. संध्याकाळी मैत्रिणी येणार घराला गोळ्या-चॉकलेटं चिकटवायला, आणि ताटात नुसता चिखल.”

“बाबा काय म्हणाले?”

“भिंतीकडे तोंड करून बसले. जेवलेसुद्धा नाहीत. माझी एक भिंत आजवर पडली नव्हती, एवढंच पुटपुटत होते.”

“मग आता ही बिस्किटं नेऊन घर बांधणार कोण?”

“तेच. चिंगीनं डोळे पुसले आणि आजोबांनाच कामावर घेतलं. लगेच दोन पोळ्या मागून जेवले.”

“आणि परत पाणी मारलं तर?”

“कशानं मारतील? तांब्या मांडीवर घेऊन बसलीय ती!”