लोकसभेत घेतलेली अकरा नावं

आमचा पाडा खर्डीच्या डोंगरात. तानसा धरणाचं पाणी अंगणातून दिसतं, चमकतं नुसतं, आणि आमच्या बाया उन्हाळ्यात विहिरीत उतरून वाटीनं हंडे भरायच्या, असं ते. पाड्यावरचा पहिला शिकलेला मी. किन्हवलीकडच्या आश्रमशाळेत मास्तर होतो, राजकारण मनात पण नव्हतं. तिकिटावरनं दोन मोठ्या पुढाऱ्यांचं वाजलं, दोघांना चालेल असा कोण तर हा मास्तर, म्हणून लोकसभेला उभा केला, आणि काय सांगू तुम्हाला, निवडून पण आलो.

प्रचाराला निघालो तेव्हा माझी चुलती, जाईकाकी, ओवाळायला आलेली. म्हणली, दिल्लीला बोलशील ना रे आमच्या विहिरीचं. मी म्हणलो, बोलेन. तीन वर्षं बोललो नाय, खोटं कशाला सांगू. मागच्या बाकावर बसायचं, पक्ष सांगेल तसं मत द्यायचं, इकडं आलो की शहापूरला लग्नं नायतर मुरबाडला उद्घाटनं. तिसऱ्या वैशाखात काकीचा पाय विहिरीत घसरला. ती गेली तेव्हा मी मुरबाडला फीत कापत होतो.

पुढच्या चैत्रात, अधिवेशन चालू असताना, मला बोलायला दोन मिनिटं मिळाली. रस्त्याचं बोलायचं होतं, हिंदीत, कागद लिहून तयार. माझं नाव पुकारलं, उभा राहिलो, माइकचा लाल दिवा लागलेला आठवतो. पुढचं नाय आठवत. खाली बसलो तर कागद हातात घडी घातलेलाच. शेजारचा विदर्भातला खासदार हळूच म्हणला, मास्तर, हे कुठलं मराठी, आणि बाईमाणसासारखा आवाज का काढलात.

दुपारी तिथला एक मराठी कर्मचारी भाषणाचा टाइप केलेला कागद घेऊन आला. साहेब, ही नावं बरोबर लिहिलीत का बघा. वाचलं तर आमच्या घरच्या बोलीत, गो बायांनो, पाणी खाली गेलंय, आणि मंग नुसती नावं. अकरा बायांची. पहिल्या नऊ माझ्या माहितीतल्या नव्हत्या. दहावी जाईकाकी. अकरावी सुगंधा, म्हणजे माझी थोरली वहिनी. ती तर जिवंत, घरी भाकऱ्या थापत असेल त्या वक्ताला.

दुसऱ्याच दिवशी पाड्यावर आलो. आमच्यात सगळ्यात म्हातारा भिवादादा, त्याला एकेक नाव वाचून दाखवलं. तो मान हलवत गेला. ही बुधी, माझ्या आईची बहीण, विहिरीत गेली. ही चांगुणा, ती पण. तुझा बाप जन्मला नव्हता रे तेव्हा, तुला कोणी सांगितलं. मी म्हणलो, कोणी नाय. दहाव्या नावाला मी कागद मिटला. तर म्हणतो, अजून एक आहे ना रे. कसं कळलं त्याला, ते शेवटपर्यंत सांगितलं नाय त्यानं.

तेवढ्यात वहिनी हंडा घेऊन निघाली. मी आडवा गेलो. म्हणलो, वहिनी, तुमी नको. ती हसली, मंग कोण आणेल, भाऊजी, तुमचा पीए? मी हंडा घेतला, चपला वर काढल्या आणि उतरलो. खाली वाटी बुडेल एवढंच पाणी. भरता भरता वर बघितलं तर काठावर बाया वाकलेल्या, गप, कडेनं सगळ्या. मी मोजल्या नाय. वर आलो तर वहिनी एकटीच उभी.

मंग उरलेल्या अधिवेशनाला दिल्लीला परत गेलोच नाय. सकाळी पाड्याचे हंडे भरायचे आणि दिवसभर शहापूरला कचेरीच्या पायरीवर बसायचं, पाण्याची फाइल हलेपर्यंत. पक्षाचे फोन आले, मतदानाला या, मी उचलले नाय. पुढचं तिकीट कापलं. पण पाइप आला, नळ आला, विहिरीवर लोखंडी जाळी बसली.

वहिनीनं ते भाषण मंग कोणाच्या तरी मोबाइलवर ऐकलं. मला एकदाच विचारलं, भाऊजी, आवाज जाईकाकीचा ना हो. मी हो म्हणलो. तिनं चहा ठेवला, परत तो विषय नाय.

आता लोक विचारतात, मास्तर, पाच वर्षांत दिल्लीत काय केलंत. मी म्हणतो, एकदा बोललो, ते पण मीच बोललो का, माहीत नाय. वहिनी थकलीय आता, खोकते, ओटीवर पडून असते. मी रोज जाऊन बसतो जवळ. तिला तिच्या खाटेवरच मरण येऊ दे, पाड्यावरच्या सगळ्या बायांना खाटेवर येऊ दे. माझं दुसरं काय मागणं नाय.