नेमकं मागावं

जेनीव्हा: ते भांडं परत ने, वांडा. चिकन-भात मयताच्या घरी आणतात. इथं कुणी मेलेलं नाही.

वांडा: अगं, टॅमीनं दोन घास तरी खाल्लेत का? नवऱ्याला पकडून नेल्यापासून तुझी लेक नुसत्या पाण्यावर असेल. त्यात अंगावरचं बाळ.

जेनीव्हा: पाजते, रडते, पुन्हा पाजते. सकाळी एलिसेओचा फोन आला होता. लुइझियानात डांबलंय म्हणे. परवा विमानात घालणार आणि ग्वाटेमालात नेऊन सोडणार.

वांडा: इतक्यात? मला वाटलं, कोर्टात उभं करतील, वकील देतील…

जेनीव्हा: बस जरा. एक विचारायचंय तुला.

वांडा: विचार की.

जेनीव्हा: एलिसेओ हायवे सोडून जुन्या पुलाच्या कच्च्या रस्त्यानं कामाला जायचा. हायवेवर इमिग्रेशनचे पोलीस अडवतात म्हणून. त्या रस्त्याला कुत्रंसुद्धा फिरकत नाही. तरी त्यांच्या गाड्या बरोबर पुलाशीच दबा धरून होत्या. त्यांना कुणी सांगितलं?

वांडा: लहान गाव आपलं. भिंतींनाही कान असतात.

जेनीव्हा: भिंतींना मी सांगितलं नव्हतं. बुधवारच्या प्रार्थनेत सांगितलं. तेही तू सांगायला लावलंस म्हणून. मी आपली म्हणत होते, देवा, माझ्या जावयाला सांभाळ. तर तू म्हणालीस, असं मोघम मागू नये बाई. देवाला नेमकं सांगावं. कुठली वाट, कुठली वेळ.

वांडा: ते मी सगळ्यांनाच सांगते. आजवर सांगत आलेय.

जेनीव्हा: म्हणून तर तुझा हात धरून, डोळे मिटून सगळं सांगितलं. निळा ट्रक, पहाट, पूल.

वांडा: त्या खोलीत मी काही एकटी नव्हते.

जेनीव्हा: नाही ना. म्हातारी फ्लॉसी होती. तिला ऐकू येत नाही, ती आपलं गुडघ्यांचंच गाऱ्हाणं घालते. पास्टरांची बायको तिकडे कॉफी करत होती. मग उरलं कोण?

वांडा: मी आधी प्रार्थना केली, जेनीव्हा. खूप केली. मगच त्या पोलिसांना फोन लावला.

जेनीव्हा: काय म्हणाला देव?

वांडा: टोमणे नको मारूस. माझं मन शांत झालं, एवढंच सांगते. पास्टर दर रविवारी कानीकपाळी ओरडतात, कायदा पाळणं हीसुद्धा भक्तीच. देश वाचवायला देवानं माणूस पाठवलाय म्हणतात. माहीत असून गप्प बसले असते तर कुठल्या तोंडानं चर्चमध्ये बसले असते?

जेनीव्हा: आज इथं कुठल्या तोंडानं आलीस?

वांडा: आणि तू गं? निवडणुकीत तुझ्या अंगणात त्याच माणसाच्या नावाची पाटी होती की! माझ्यापेक्षा मोठी! मत कुणाला दिलंस तू?

जेनीव्हा: त्यालाच दिलं. चोर-दरोडेखोर हाकलतो म्हणाला, मला पटलं. माझ्या टेबलाशी जेवणारा माणूस त्यात धरतील हे डोक्यातच आलं नाही. वाऱ्यानं पाटी पडायची, तर एलिसेओनंच ती नीट ठोकून दिली. एका शब्दानं बोलला नाही गं. ते मला जन्मभर खाणार आहे. पण मी त्याला धरून दिलं नाही.

वांडा: मी कुणाकडून दिडकी घेतली नाही!

जेनीव्हा: प्रभूला ज्या शिष्यानं धरून दिलं, त्याला निदान चांदीची नाणी तरी मिळाली होती.

वांडा: मला वाटलं समज देऊन सोडतील. दंड भरून घेतील, कागदपत्रं नीट करा म्हणतील. शपथ घेऊन सांगते.

जेनीव्हा: चर्चचं छप्पर गळत होतं, त्यानं फुकट बसवून दिलं. तेव्हा कागदपत्रं विचारलीस? नाताळच्या नाटकात योसेफ कोण झाला होता? खरा सुतार आहे म्हणून तूच त्याला उभं केलंस, झगासुद्धा तूच शिवलास. राजाच्या भयानं बाळाला घेऊन परमुलखात पळतात, त्या प्रवेशाला सगळ्यांत जास्त तूच रडलीस.

वांडा: ते वेगळं होतं.

जेनीव्हा: काय वेगळं होतं?

(आतल्या खोलीत बाळ रडू लागतं.)

वांडा: टॅमीला बोलाव. मी तिची माफी मागते. तिच्या पायाशी बसते.

जेनीव्हा: तिला काही ठाऊक नाही. ती एकच विचारते, आई, आपण एवढं मागितलं, देवानं ऐकलं कसं नाही? काय सांगू पोरीला? ऐकलं गं, पण दुसऱ्याच कुणीतरी?

वांडा: असं नको बोलूस. मी रोज मागेन. तो परत येईपर्यंत रोज. तुझं, टॅमीचं, लेकराचं नाव घेऊन…

जेनीव्हा: नको.

वांडा: प्रार्थनेला नको म्हणतेस, जेनीव्हा? तू?

जेनीव्हा: तुझ्या प्रार्थनेला. आमच्यातल्या कुणाचंही नाव यापुढे देवापाशी काढू नकोस. आमचं आम्ही मागू. मनातल्या मनात.