बाळ येईस्तोवर बसायचं नाही

माझ्या नवसांना घरचे नेहमी हसतात. पण महाडच्या दवाखान्यातल्या सिस्टरने माझ्या नवसाला चक्क कामाला लावलं हो!

लेकीला, सुजाताला, पोलादपूरहून आणून सकाळी तिथे आत नेलं तेव्हाच मी ग्रामदेवीला बोलले, "पोर सुखरूप मोकळी होईस्तोवर मी खाली बसणार नाही." पहिलटकरीण ती. दुपारपर्यंत कळा देऊन देऊन पार दमली. "आता माझ्यात जोर नाय," असं तिचं रडणं बाहेर ऐकू येत होतं आणि मी दाराची चौकट धरून उभी होते.

सिस्टर बाहेर आली. "मावशी, बसा हो, पडाल!"

"नाय गो बाय, नवस हाय," म्हणत मी तिला सगळं सांगितलं.

कमरेवर हात ठेवून तिने माझ्याकडे बघितलं आणि तशीच आत वळली. लगेच तिचा आवाज आला, "सुजाता, तू मोकळी होईस्तोवर आई बसणार नाय म्हणते! सकाळपासून उभी हाय. लाव जोर!"

"आई गोऽऽ, असले नवस कशाला बोलतेस?" लेक ओरडली आणि रागारागात तिने असा काही जोर लावला की पाठोपाठ बाळाचं रडणंच आलं!

"मुलगी झाली! मावशी, बसा!"

मी बसले ती थेट फरशीवर. आतून लेकीने पहिलं काय विचारावं? "आई बसली का?"

सिस्टरने दारातून डोकावून बघितलं. "बसली गो! आता हिला उठवायचा जोर मीच लावते."