निंबाच्या ओट्यातली तीन छिद्रं

पुरवणी जबाब, दि. ०६/०६/२०२५, दुपारी १२.१०

माझे नाव श्रीमती शैलजा नारायण वडनेरकर, वय ७० वर्षे, धंदा – सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार घर क्र. १४, जुनी शिक्षक कॉलनी, नांदुरा, जि. बुलडाणा. आज मला कोणी बोलावले नव्हते. मी आपल्या पायांनी ठाण्यात आले असून विचाराल त्याचे आणि न विचाराल त्याचेही खरे सांगते, ते असे की,

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. माझे पती नारायणराव हेही शिक्षक होते. ते सप्टेंबर २०२१ मध्ये वारले. माझ्या आणि शेजारी रंगराव महादेव राखोंडे यांच्या कंपाऊंडच्या मध्ये, रस्त्याच्या बाजूला, कडुनिंबाचे जुने झाड आहे. १९७६ साली प्लॉट पडले तेव्हाच ते कवेत मावत नव्हते, म्हणून मोजणीदाराने रेघ झाडाला वळसा घालून नेली. कागदावर ते कोणाच्याच नावे नाही. मी मात्र ते आमचेच समजत आले. रंगराव यांचा भाजीपाल्याचा मळा आहे आणि ते २००९ पासून शेजारी राहतात.

नारायणराव दरवर्षी होळीच्या आधीच्या रविवारी शिडी लावून झाडाच्या वाळक्या फांद्या उतरवीत. कॉलनीची होळी त्याच लाकडावर पेटायची. बुंध्याभोवतीची हातभर माती ते कुदळीने भुसभुशीत ठेवत. चिखलाचे पाय घरात येतात म्हणून मी त्यांच्यावर ओरडत असे.

ते गेल्यानंतरच्या पहिल्या होळीला कॉलनीतली मंडळी लाकूड मागायला आली. मी त्यांना दारातून परत पाठवले. ज्या झाडावरून त्यांचा हात फिरला ते जळताना मला बघवले नसते. तेव्हापासून चार होळ्या झाल्या, एकही फांदी उतरवलेली नाही.

२०२२ च्या दिवाळीत मी त्यांच्या आठवणीसाठी झाडाभोवती सिमेंटचा ओटा बांधला, वर फरशी बसवली आणि त्यांच्या नावाची पाटी लावली. बुंध्यात एक पोकळी होती, ती विटांचे तुकडे आणि सिमेंट घालून बुजवली. काम अविनाश खराटे या मिस्त्रीने केले. तो म्हणाला होता, "बाई, बुडापाशी वीतभर माती मोकळी सोडू काय? झाडाले दम घ्याले जागा पाह्यजे." मी म्हटले, "अविनाश, तू माझ्याच वर्गात होतास, मला शिकवू नकोस. फट राहिली की कचरा साचतो. सिमेंट थेट सालीपर्यंत भर." त्याने भरले. हे सर्व माझ्या सांगण्यावरून आणि माझ्या डोळ्यांदेखत झाले.

गेल्या वर्षभरात रंगराव यांनी मला तीनदा सांगितले, "बाई, ती रस्त्याकडची फांदी मेली. पाखरूबी बसत नाही तिच्यावर. उतरवून घ्या, माणूस मी लावतो." मी म्हटले, माझ्या जिवात जीव आहे तोवर या झाडाला कुऱ्हाड लागणार नाही. शिवाय, यांच्या गाडीवर पाला पडतो म्हणून यांच्या डोळ्यांत झाड खुपते, असे मी कॉलनीभर सांगत फिरले. ते खरे नव्हते. त्यांची गाडी घराच्या मागच्या बाजूला उभी असते.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ओटा धुताना मला फरशीत बुंध्याजवळ तीन छिद्रे दिसली. बोट जाईल एवढी, मशीनने पाडलेली. भोवती तपकिरी डाग होते आणि उग्र वास येत होता. त्यानंतर दोन वेळा सायंकाळी हरिपाठाहून परत येताना रंगराव फवारणीचा निळा कॅन घेऊन ओट्यापासून त्यांच्या फाटकाकडे जाताना दिसले. मी त्यांना काही विचारले नाही. मनात मात्र पक्के केले.

दि. ०३/०६/२०२५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता गोजरबाई तुळशीराम घुले, वय ६४, भाजी विकून नेहमीप्रमाणे ओट्यावर टेकली होती. वीस वर्षांपासून ती आमच्या दारात थांबते, माझ्यासाठी सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी वेगळी काढते आणि मी तिला चहा देते. मी चहा गाळत असताना बाहेर कडाड असा आवाज झाला. बाहेर आले तर रस्त्याकडची फांदी गोजरबाईच्या कमरेवर पडलेली होती. वारा नव्हता. दोरीवरचे माझे पातळ जागचे हललेले नव्हते. तिच्या हातात सांभाराची जुडी तशीच होती.

सर्वांत आधी रंगराव धावत आले. त्यांनी फांदीला खांदा लावून ती उचलली आणि गोजरबाईला स्वतःच्या गाडीत घालून खामगावच्या दवाखान्यात नेले. ते तिला उचलत असतानाच मी जमलेल्या लोकांसमोर ओरडून म्हटले, "यांनीच विष घातलं झाडाला!" त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, "बाई, दार उघडा गाडीचं." मी उघडले नाही. दुसऱ्या कोणीतरी उघडले.

त्याच दिवशी दुपारी मी याच ठाण्यात जबाब दिला की, रंगराव यांना झाडाच्या बुडाशी तणनाशक टाकताना मी पाहिले. मी कॅन पाहिला होता. तणनाशक पाहिले नव्हते, टाकतानाही पाहिले नव्हते. त्या जबाबावरून रंगराव यांना तीन दिवसांपासून चौकशीसाठी बोलावणे येत आहे आणि त्यांच्यावर गुन्हा दाखल होण्याची वेळ आली आहे. पाणी टाकत होतो, एवढेच ते सांगतात. फरशीला भोके पाडून कोणी पाणी टाकते काय, असे लोक म्हणतात. मीही म्हणत होते.

काल दि. ०५/०६/२०२५ रोजी झाड तपासण्यासाठी नगर परिषदेची माणसे आली. ओटा फोडायला अविनाशच होता. पोकळीतले सिमेंट दोन घावांत अख्खे बाहेर आले, मागून काळे पाणी आले. ओट्याच्या आत होती तेवढी साल हाताने सोलून निघाली, खाली नुसता भुसा होता. माती राखेसारखी कोरडी होती. फक्त त्या तीन छिद्रांखाली ओल होती. तिथे दोऱ्यासारखी पांढरी नवी मुळे आली होती, तीन ठिकाणी तीन झुबके. अविनाशने मला बोलावून दाखवले. त्याने मला चार शब्द सुनावले असते तर बरे झाले असते.

मी तशीच रंगराव यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी रुख्मिणी यांनी मला न्हाणीमागचे पिंप दाखवले. त्यात मुळांना खत म्हणून घालायचे शेण, गोमूत्र आणि गुळाचे पाणी होते. तोच वास होता. मी विचारले, मला सांगितले का नाही? रुख्मिणी म्हणाल्या, "कोनाले सांगतीन, बाई? तुम्ही आयकत होत्या काय कोनाचं? तुमच्या हरिपाठाच्या टायमालेच जात होते ते. म्हने, बाईनं पाह्यलं तर हे तीन छिद्रंबी बुजवून टाकतीन." मी बुजवलीच असती.

तिथून मी खामगावला गेले. गोजरबाईचे खुब्याचे हाड मोडले आहे. डोक्यावर पुन्हा टोपली घेता येईल की नाही, ते डॉक्टर सांगत नाहीत. ती माझा हात धरून म्हणाली, "बाई, वाऱ्यानं पडली म्हनून सांगून द्या ना. झाडाले काय पोलीस धरून नेते? रंगरावबी सुटते अन् तुमीबी सुटता." तिचे मन राहावे म्हणून मी तिला हो म्हटले. इथे तसे सांगत नाही. वारा नव्हता. मेलेली फांदी मी वर्षभर वर ठेवली आणि खाली बसायला ओटा केलेला होता. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच, आणि चोर तुमच्यासमोर बसला आहे.

हा जबाब मी सांगत असताना रंगराव बाहेरच्या बाकावर बसलेले आहेत. दार उघडे आहे आणि मी मुद्दाम मोठ्याने सांगत आहे. मला त्यांची लाज वाटते. हवालदार म्हणतात, जबाबात लाज वगैरे लिहीत नाहीत. मी म्हटले, पस्तीस वर्षे मुलांना शुद्धलेखन घातले आहे, मी सांगते ते लिहा.

नगर परिषद सोमवारी झाड उतरवणार आहे. माझी हरकत नाही. लाकूड कुठेही नेऊ नये, येत्या होळीसाठी माझ्या अंगणात रचून ठेवावे, अशी विनंती मी केली आहे. नारायणरावांच्या नावाची पाटी अविनाशने पुसून माझ्याकडे दिली आहे. ती मी कुठेही लावणार नाही.

रंगराव यांच्याविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही. त्यांना घरी जाऊ द्यावे. ते बाकावरून उठेपर्यंत मीही त्याच बाकावर बसून राहीन.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवण्यात आला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. दि. ०३/०६/२०२५ चा जबाबही मला असाच वाचून दाखवला होता, आणि तोही बरोबर आहे म्हणून मी सही केली होती. हेही लिहून घ्यावे.