मागचं दिसनारा

सिंदेवाहीच्या दुकानात ज्योत्स्ना मोबाईल दुरुस्तीला देऊन उभी होती. पुढे गुणवंतराव लेकीला संगं घेऊन तिच्यासाठी लॅपटॉप पाहत होते.

"पोरगी काय करन त्याच्यावर?" दुकानदारानं विचारलं.

"सिनेमे पाहते, मैत्रिणीसंग बोलते. बाकी काई नाई."

"मंग हा घ्या, भाऊ. स्वस्त आहे. पडदा चकाकत नाई, मागचं काईच दिसत नाई."

"मागचं दिसनारा दाखवा."

"काऊन? तसा कोनी मागत नाई."

"गावात रेंज टेकडीवरच येते. चारीकडं जंगल. वाघ फिरून राह्यला."

"बाबा, मी मांगं पाहत जाईन न."

"तुह्या मायनंबी असंच म्हटलं होतं."

दुकानदारानं दुसरा लॅपटॉप उघडला. काळ्या पडद्यात गुणवंतरावांची नजर मागे उभ्या ज्योत्स्नाच्या नजरेला भिडली.

"हा द्या."