सुपातली बटनं

शिवानी : हसू नकोस, रविदादा. आधी आत ये आणि दार लावून घे.

रविराज : हसू न्हाई तर काय करू? काकू, सुपात हे काय वाळत घातलंय? कुरडयांचा चुरा?

शिवानी : कीबोर्डची बटनं आहेत. आईनं धुतली.

महादेवी : मंग? आज खंडेनवमी हाय. दुकानातला तराजू धुतला, मापं धुतली, ह्यांची राजदूत फटफटी धुतली. घरात नवा कॉम्प्युटर आला, त्यालाच कावून पारोसा ठेवायचा? उलथन्यानं एकेक बटन अल्लाद काढलं अन् चिंच लावून घासलं.

रविराज : अन् तो टीव्हीवानी डबा?

महादेवी : त्याला नुसतं कोरडं फडकं मारलं. करंट बसंल म्हणून भ्याले.

रविराज : पावला महादेव.

शिवानी : उद्या दसऱ्याला कॉम्प्युटर क्लासचं उद्घाटन. आप्पांनी अर्धं कडा गाव बोलावलंय. उद्या सगळ्यांसमोर फजिती झाली की क्लास बंद, आणि लातूरच्या स्थळाला होकार. मला आत्ता लग्न नाही करायचं रे. मला शिकवायचंय.

रविराज : मंग बसव की बटनं. मॅडम तू हायस. सर्टिफिकेट टांगलंय भिंतीला, त्याला हार बी घातलाय. मी नोकरी मागाया आलतो तवा आप्पांनी तेच दावलं. म्हणले, असलं हाय का तुझ्याकडं? दोन वर्सं आष्टीत कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका करतोय मी, पर कागद न्हाई म्हणून बाद.

शिवानी : राग आहे अजून?

रविराज : लई होता. हे सूप बघितलं अन् कुठल्या कुठं पळाला.

शिवानी : खरं सांगू? बीडला एका कॉम्प्युटरला आम्ही बाराजण. पुढं पोरं बसायची. माझी पाळी आली की लाईट जायची. परीक्षा सगळी लेखी. फर्स्ट क्लास मिळाला, पण बोट लावायला मिळालं नाही.

महादेवी : अगं बया. अन् मी गल्लीभर पेढे वाटले.

रविराज : आण ते सूप. डोळे झाकून टाईप करतो मी. हे हितं... न्हाई, थांब. पंचाईत झाली. 'चि. सौ. कां.' कुठं हाय ते बोटांना ठावं हाय, पर बटनावर तर ए बी सी लिवलंय. ते मी कधी बघितलंच न्हाई.

शिवानी : ते मला पाठ आहे. परीक्षेत आकृती यायची, दहा मार्कांना. घे. वरच्या ओळीत क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय.

महादेवी : ए बी सी असली असती व्हय? कुण्या मास्तरनं शिकवली?

शिवानी : आई, तू बटनं शोधून दे फक्त.

रविराज : जोरात नगं दाबू, तिरकं बसंल. अंगठ्यानं, हळू. हां, टक् वाजलं की बसलं.

महादेवी : उरका लवकर. हे झेंडू घिऊन आले की पूजा. पूजा झाल्यावर आज औजाराला हात लावायचा न्हाई. अन् हे लांबडं कुठं जातं?

शिवानी : खाली, मधोमध. ते दाबलं की काही उमटत नाही, नुसती जागा सुटते.

महादेवी : उमटत काईच न्हाई अन् आकारानं सगळ्यात मोठं. आपल्या भावकीतल्या पुढाऱ्यावानी.

रविराज : काकू, हसवू नका, हातातलं बटन सुटलं ना.

(सगळी बटनं बसतात. कॉम्प्युटर सुरू होतो.)

रविराज : दाब.

शिवानी : तू दाब. तुला अनुभव आहे.

रविराज : उद्या लोकांफुडं कोण दाबणार, मी?

शिवानी : चुकलं तर?

रविराज : मी बी चुकलतो. पयल्याच पत्रिकेत नवरदेवाच्या जागी सासऱ्याचं नाव घातलं मी. छापून वाटून झालं, तवा कळलं.

शिवानी : उमटलं. रविदादा, एस दाबलं आणि एसच उमटलं.

रविराज : मंग काय टी उमटंल? रडतीस कावून?

शिवानी : आनंदानं. ऐक, क्लास आपण दोघं घेऊ. आप्पांना मी सांगते.

रविराज : अन् कागद?

शिवानी : माझा आहे की. एका क्लासला एक पुरे.

महादेवी : ह्यांना तू नगं, मी सांगते. लातूरला बी मीच निरोप धाडते. आता सरक. हे यायच्या आत बसू दे मला जरा. माझं नाव उमटवायला पयलं कुठलं दाबू, मॅडम?