आईची कॅसेट आणि उघडलेला व्हीसीआर

अगं, रविवारी सकाळी बरोबर सव्वादहाला आमच्या ह्यांनी जुना व्हीसीआर उघडायला घेतला. मोबाईलवर बघून बघून त्यात नवीन सर्किट बसवायचं होतं त्यांना. आणि माझी गेलेली आई हसताना-बोलताना दिसते ती फक्त मावशीच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये. आमच्या लेकीनं, परीनं, तर ह्या आजीला बघितलंच नाही.

मी म्हटलं, "अहो, हे मशीन गेलं तर दुसरं कुठून आणायचं?"

"गेलेलंच आहे. कॅसेट आत घेतच नाही."

झाकण काढलं, तर आत हळद लागलेले तांदूळ! सासूबाई दर दसऱ्याला घरातल्या मशीनांची पूजा करतात. अक्षता कॅसेटच्या फटीतून आत गेलेल्या.

हे म्हणाले, "आई, तू ह्याला जेवू घातलंस होय?"

"मग! म्हणून तर इतकी वर्षं टिकलं."

मी प्लग काढलेलाच ठेवला आणि मऊ ब्रशनं दाणे काढले. मग झाकण बसवून, प्लग लावून कॅसेट घातली, तर आत गेली की! पडद्यावर आई पदर सावरत हसली.

परी म्हणाली, "मम्मी, ही तुझ्यासारखी हसते."

ह्यांनी सर्किट गुपचूप ठेवून दिलं आणि मोबाईल समोर धरून सगळं शूट केलं.

तेव्हा नवशिक्यांनी जोडाजोडीच्या आधी नुसतं साफ करून बघावं. ज्यांच्याकडे जुन्या कॅसेटी पडून असतील, त्यांना एवढं सांगा गं.